गच्चीवरून पाहिलेला बोअर

समोरच्या प्लॉटवर आज बोअरची गाडी आली आणि कोरड्या दगडी भुकटीचा वास घरात शिरला. दुष्काळातल्या एका वर्षी हर्सूलच्या आमच्या नव्या कॉलनीत हाच वास सुटला होता. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरत होता. नारळ उभा राहील तिथं पाणी, असं सगळे मानत. मी विज्ञानाचा मास्तर, बोलून गेलो, "नारळाला काय कळतंय?" तशा शेजारच्या मावशी हात जोडून म्हणाल्या, "सर, तुमचा इस्वास नाय ना, मग जरा लांब थांबा. देव रुसंल." मी मुकाट गच्चीवर गेलो. खाली नारळ फुटला, मशीन घरघरलं आणि तीनशे फूट खोल जाईपर्यंत नुसती पांढरी धूळ उडत राहिली. माझंच खरं ठरत होतं. तेवढ्यात रिकामी घागर पोटाशी धरून उभ्या असलेल्या मावशी दिसल्या आणि माझे हात कधी जुळले, कळलंच नाही. "लागू दे," मी पुटपुटलो. पाणी लागलं नाही. मशीन थांबलं तेव्हा सगळे वर माझ्याकडे बघत होते, जणू मीच पाणी आटवलं होतं. जोडलेले हात मी चटकन खिशात घातले. देव नाही, हे मी आजही म्हणतो. पण तो असता, तर त्या दिवशी मी त्या सगळ्यांच्या विरुद्ध नव्हतो, हे निदान एकाला तरी माहीत असतं.