रुमालातली डिस्क

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हिमरू शालींचं नक्षीदार कापड विणणारे एक म्हातारे विणकर आले. जुनी डिस्क रुमालात गुंडाळलेली. वायर मी जोडली, तरी त्यांनी डिस्कवरचा हात काही काढला नाही. ती उघडेना.

"तुम्हीच बिघडवली."

"नाही चाचा. तिच्यातल्या फायली जुन्या पद्धतीनं ठेवल्यात. ती पद्धत वाचणारा भाग माझ्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स सिस्टीममध्ये असतो, पण कमी लोकांना लागतो म्हणून आता वेगळ्या पॅकेजमध्ये देतात. टाकतो मी."

"कमी लोकांना लागतो, हे ठरवलं कुणी? मला तर कुणी इचारलं नाय."

मला रागच आला. पॅकेज टाकलं. पडद्यावर वेलबुट्टी उमटली, त्यांच्या मागाची सगळी नक्षी. त्यांनी झटकन रुमाल पडद्यावर टाकला. मी चोरीन म्हणून!

जाताना दारातून म्हणाले, "पुढच्या अपडेटला हे पुन्हा बाहेर तर नाय ना काढणार?"

"नाही," मी म्हणालो. ते माझ्या हातात नव्हतं, आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी ते ओळखलं.

आता अपडेट झालं, की ते पॅकेज जागेवर आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो. डिस्कवर हात ठेवून ते मागं उभे असल्यासारखं वाटतं.