फेरीवर बंद ठेवलेला फ्रिज

उत्तरा पारसनीस यांचे डावे मनगट दोन वेळा मोडले आहे. एकदा कॅरी गावातल्या त्यांच्या घरी, गॅरेजच्या दारात. आणि दुसऱ्यांदा १९८६च्या ऑगस्टमध्ये, पॅम्लिको साउंड या खाडीच्या पाण्यावर, गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत उभ्या केलेल्या कॅम्परच्या आत. दोन्ही वेळा त्या पडल्या, असे त्यांचे पती गुरुदत्त यांचे म्हणणे होते. पहिल्या पडण्याविषयी मला साक्षीदार मिळाला नाही. दुसऱ्याला एक होता.

गुरुदत्त पारसनीस विद्युत अभियंते. त्या उन्हाळ्यात त्यांच्या आई, वसुधाबाई, नागपूरहून मुक्कामाला आल्या. त्या घराबाहेर शिजलेले काही खात नसत. आईला समुद्र दाखवायचा आणि तिचा नेमही मोडू द्यायचा नाही, म्हणून गुरुदत्त यांनी एक वापरलेला कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, विकत घेतला. त्यात शेगडी, ओटा आणि फ्रिज होता. ओळखीच्या मराठी कुटुंबांत याचे मोठे कौतुक झाले. "तापट आहे, पण आईला किती जपतो," असे मला ज्याने त्याने सांगितले. त्या वाक्याच्या पूर्वार्धावर मात्र कोणी थांबत नसे.

फ्रिज तीन तऱ्हांनी चाले: मुक्कामाच्या जागी तिथल्या विजेवर, रस्त्यात गॅसवर, आणि ही दोन्ही नसतील तेव्हा बॅटरीवर. फेरीत इंजिन बंद आणि गॅसही बंद. खलाशी स्वतः सिलिंडरचा खटका बंद असल्याचे पाहून त्यावर चिठ्ठी बांधत. म्हणजे उरली बॅटरी. कॅम्परमध्ये बॅटऱ्या दोन होत्या, एक इंजिनासाठी आणि एक आतल्या दिव्यांसाठी, आणि एकीने दुसरीला रिकामे करू नये म्हणून मध्ये एक छोटे उपकरण होते. गुरुदत्त यांनी ते काढून टाकले आणि दोन्ही बॅटऱ्या जाड वायरने थेट जोडल्या. दोघी मिळून जास्त ओढतील, असा त्यांचा हिशेब होता. तो फ्रिजपुरता बरोबर होता.

ओक्राकोक बेटाकडे जाताना अडीच तासांत फ्रिजने दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकल्या. फेरी धक्क्याला लागली, तेव्हा दूध थंड होते आणि इंजिन मेले होते. मागे गाड्यांची रांग अडली, हॉर्न वाजू लागले, आणि ट्रकमधल्या एकाने ते धूड पाण्यात ढकलून द्या, असा सल्ला दिला. गुरुदत्त सगळ्यांकडे पाहून हसले. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर इंजिन सुरू करून मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर त्यांनी पडदे ओढले आणि पत्नीचे डोके कपाटाच्या कडेवर आपटले. फ्रिजचे दार तिने सारखे उघडल्यामुळे बॅटरी संपली, हे कारण. उत्तराबाईंनी ते एकदाच उघडले होते, सासूबाईंच्या दुधासाठी. वसुधाबाई बाहेर खुर्चीवर जप करत होत्या. आपल्याला काही ऐकू आले नाही, असे त्या आजही सांगतात. शेजारच्या तंबूतल्या जोडप्याने मात्र चालू रेडिओ बंद केला होता. उत्तराबाईंना ती एकाएकी झालेली शांतता आठवते.

परतीच्या फेरीत गुरुदत्त यांनी पुन्हा फ्रिज बॅटरीवर टाकायला सांगितले आणि ते आईला घेऊन वरच्या डेकवर गेले. उत्तराबाई आत एकट्या राहिल्या. फ्रिज चालू ठेवला तर इंजिन मरणार आणि मार बसणार. बंद केला आणि नवऱ्याला कळले, तरी मार बसणार. कळले नाही तर मात्र सुटका. त्यांनी बटण बंद केले, दार डुलण्याने उघडू नये म्हणून परकराच्या नाडीने मुठीपाशी बांधून टाकले, आणि त्या वर जाऊन बसल्या.

त्या दिवशी एकादशी होती. अर्ध्या वाटेवर वसुधाबाईंना गरगरू लागले. त्यांनी दूध मागितले. किनारा येईपर्यंत थांबावे, असे उत्तराबाईंनी सुचवले.

"आई चक्कर येऊन पडली तरी तू थांबच म्हणशील," गुरुदत्त म्हणाले, आणि स्वतःच खाली निघाले. उत्तराबाई त्यांच्या मागे धावल्या. कठडा धरत धरत वसुधाबाईही उतरल्या.

"हे कुणी बंद केलं?"

"मी. गाडी सुरू व्हावी म्हणून."

"गाडी कशी सुरू होते ते तू शिकवणार मला? तू?"

त्यांनी दार ओढले, नाडी तुटली. दुधाची बाटली हातात घेतली तेव्हा ती थंडगार होती, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. तरीही त्यांनी उत्तराबाईंचा हात फ्रिजच्या चौकटीत धरला आणि त्यावर दार आपटले. हाड पहिल्याच आघाताला मोडले. त्यांनी पुन्हा आपटले. उत्तराबाई तोंडात पदर कोंबून ओट्याखाली बसल्या. वसुधाबाई पायरीवर उभ्या होत्या.

मग गुरुदत्त बाहेर आले, त्यांनी सिलिंडरवरची चिठ्ठी फाडली, गॅस सोडला आणि फ्रिजची ज्योत पेटवण्यासाठी काडी ओढली. दोन्ही बाजूंना पेट्रोलने भरलेल्या गाड्या होत्या. एक खलाशी धावत आला आणि त्याने काडी हाताच्या फटक्याने उडवून दिली. गुरुदत्त यांनी पाना उचलून त्याच्या जबड्यावर हाणला. खलाशाचे दात लोखंडी डेकवर पडले. त्याच्या जोडीदारांनी गुरुदत्त यांना तोंडावर पाडले, पाठीवर गुडघे रोवले आणि हात दोरखंडाने बांधले. आपण इंजिनिअर आहोत, आपल्याला सगळे कळते, असे ते इंग्रजीत ओरडत राहिले.

लाटेने बोट कलली आणि पत्नी पडली, असे त्यांच्या जबानीत आहे. त्या दुपारच्या हवामानवृत्तात किनारपट्टीवर वारा मंद होता.

धक्क्यावर शेरीफचा डेप्युटी, म्हणजे तिथला पोलीस, उभा होता. त्याने गुरुदत्त यांना खलाशाला मारल्याबद्दल पोलिसांच्या गाडीत बसवले. पत्नीविषयी कोणी काही विचारले नाही. वाट मोकळी करायची म्हणून उत्तराबाईंनी एका हाताने किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागले. धक्क्याबाहेर कॅम्पर थांबवून त्या खाली उतरल्या, तेव्हा डेप्युटीला त्यांचे लोंबणारे मनगट दिसले. हे कसे झाले, त्याने विचारले.

वसुधाबाईंना प्रश्न कळला. त्या मराठीत, हलक्या आवाजात म्हणाल्या, "पडले म्हण. बोट हलली म्हण. घरातलं पोलिसाला सांगतात का?"

डेप्युटीने आजी काय म्हणताहेत, हे विचारले. उत्तराबाईंनी त्याला इंग्रजीत सांगितले, "सासूबाई म्हणतात, मी पडले असं सांगावं. बोट हलली म्हणावं. घरातली गोष्ट पोलिसाला सांगू नये, असंही म्हणतात."

"सांगितलंस?" वसुधाबाईंनी विचारले.

"सांगितलं. तुम्ही बोललात ते सगळं, शब्दन् शब्द."

मग तुम्ही पडलात का, असे डेप्युटीने विचारले. उत्तराबाईंनी नाही म्हटले. चौकटीत हात धरून दार कसे आपटले, किती वेळा, हे त्यांनी न थांबता सांगितले आणि पायरीवर कोण उभे होते, तिकडे बोट केले.

डेप्युटी वसुधाबाईंकडे वळला. गाडीच्या काचेआडून गुरुदत्त यांनी हाक मारली, "आई, सांग ना त्याला."

वसुधाबाईंनी मुलाकडे पाहिले. मग त्या सुनेला म्हणाल्या, "आज रात्री त्याला कोठडीत काय खायला देतील, ते विचार."

उत्तराबाईंनी तेही भाषांतर करून विचारले. डेप्युटीने उत्तर दिले आणि वही उघडून पहिल्या गुन्ह्याच्या खाली दुसरा लिहायला घेतला.