चार जणींचा डाव, एकटीने

गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्या बॅगेत चार डेक होते. डेक म्हणजे स्वतः निवडून जुळवलेली कार्डांची गड्डी. नागपूरच्या होस्टेलमध्ये आम्ही चौघी खेळायचो. एम.एस्सी. संपल्यावर एक बंगळुरूला गेली, एक पुण्याला, एकीचं लग्न झालं. जाताना तिघींनीही आपापला डेक माझ्याकडेच ठेवला. "तूच जास्त खेळशील," म्हणाल्या.

खेळायला कोणीच नव्हतं. प्रयोगशाळेत सगळे वयाने मोठे, घरसंसारवाले. सुटी झाली की जो तो आपल्या गाडीला किक मारून निघून जायचा. मग रविवारी मी खोलीत चटई अंथरायची, चार बाजूंना चार डेक ठेवायची आणि चारही हात स्वतःच खेळायची. ज्या बाजूचा डाव असेल त्या बाजूला सरकून बसायची.

एकदा खालच्या घरमालकीण काकू दाराशी उभ्या राहिल्या. "काऊन वो बाई, एकट्याच पत्ते खेळून राह्यल्या? जुगार तं नाई ना?"

"नाई वो काकू. एकटीनं कसा होईल जुगार?"

"हो, तेही खरं," म्हणाल्या आणि वाटीभर मोहाची भाजी ठेवून गेल्या.

चार जणांच्या या खेळात प्रत्येकाला ठरावीक जीव मिळतो. तो संपला की टेबलावरून उठायचं. शेवटी उरेल तो जिंकला. समोर एकच असेल तर चांगली कार्डं पुरतात. चौघांत तसं नसतं. जो लवकर मोठा दिसतो त्याच्यावर तिघं मिळून तुटून पडतात. म्हणून मी नेहमी दुसऱ्या नंबरवर राहायची. भारी कार्ड हातात दाबून ठेवायचं, गरीब चेहरा करून बसायचं, दुसऱ्यांना आपसात झिजू द्यायचं. चटईवर बाकीच्या तिघींना मी त्यांच्याच पद्धतीने खेळवायची. बंगळुरूवाली सुसाट हल्ला करायची. लग्न झालेली भिंत बांधून बसायची. आणि पुण्याची मैत्रीण नुसती बोलायची: "मले आत्ता सोड, पुढच्या फेरीत मी तुले वाचवीन." होस्टेलात बहुतेक डाव तीच जिंकायची.

नागपूरला एका कॅफेत या खेळाची स्पर्धा आहे असं मोबाइलवर दिसलं आणि मी सकाळची बस धरून चंद्रपूर, तिथून रेल्वेने नागपूर गाठलं. गप्प बसलेल्या बाईकडे कोणी लक्ष देत नाही, हे तिथेही खरं ठरलं. कोणी मला मारायच्या भानगडीतच पडलं नाही, आणि मी शेवटच्या टेबलापर्यंत पोचले.

तिथे माझ्या डाव्या हाताला बल्लारशाहचे, रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ होते, केस पिकलेले. समोर कॉलेजातला एक तरुण आणि त्याच्या शेजारी चष्मेवाली मुलगी. ती मुलगी लवकरच उठली. तरुणाच्या कार्डांची फौज टेबलभर पसरली होती. गृहस्थ माझ्याकडे वळले.

"बाई, याले दोघं मिळून थांबवू. तोवर मी तुमाले हात लावत नाई. तुमी मले नका लावू."

मी नुसती मान डोलावली. आम्ही दोघांनी हल्ला सुरू केला, पण मी अर्धी कार्डं मागे राखली. हे गृहस्थ शब्द मोडतील तेव्हा आडवी घालायला असावीत म्हणून. मग एका फेरीत तरुणाने माझी ती आडही तोडली. मला संपवायचं कार्ड त्यांच्या हातात होतं. मला उठवलं असतं तर दुसरा नंबर तरी त्यांचा पक्का होता, हे मला दिसत होतं. त्यांनी ते कार्ड तरुणावर टाकलं. तेवढ्याने तो मेला नाही. माझी राखलेली कार्डं आधीच सोबत गेली असती तर मेला असता. पुढच्या दोन फेऱ्यांत त्याने आम्हा दोघांनाही उठवलं.

परतीच्या गाडीत ते गृहस्थ माझ्याच डब्यात भेटले. हिंगणघाट गेल्यावर मी विचारलं, "तुमी मले काऊन नाई मारलं?"

"बोललो होतो ना."

त्यात त्यांना आणखी सांगण्यासारखं काही वाटलं नाही. मग त्यांनीच विचारलं, "घरी कोणासंग खेळता?"

"एकटीच. चारही हात मीच."

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "मंग जिंकते कोण?"

मला आठवावं लागलं. कधी ही, कधी ती. पण पुण्याच्या मैत्रिणीचा डेक कित्येक महिन्यांत एकदाही जिंकला नव्हता. "एक मैत्रीण होती, बोलून बोलून जिंकायची," मी म्हणाले. "आता तिच्या वाटचं बोलणारं कोणी नाई. तं हरते."

खिडकीबाहेर वरोऱ्याकडची कपाशी अंधारात चालली होती. ते म्हणाले, त्यांची बदली सिकंदराबादला झाली आहे, पुढल्या महिन्यात निघायचं आहे. नाहीतर रविवारी खेळायला यायला गडचांदूर काही लांब नव्हतं. मी चंद्रपूरला उतरले. त्यांनी हात वर केला, गाडी पुढे गेली. नंबर मागायचं फलाटावर आल्यावर सुचलं.

त्या आठवड्यात मी पुण्याला फोन लावला. "अगं, अजून खेळतेस?" ती म्हणाली. तिचंही आता लग्न झालेलं, मागे बाळ रडत होतं. "करते मी नंतर." केला नाही तिने. तिचीही काही चूक नव्हती.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा नागपूरला गेले. पहिल्याच टेबलावर उजवीकडच्या मुलीला म्हणाले, "मले या फेरीत सोड, मी तुले हात लावत नाई." आवाज जरा मोठाच निघाला, शेजारच्या टेबलावरचेही बघायला लागले. ती "चालेल" म्हणाली आणि पुढच्याच फेरीत तिने मला संपवलं. सगळ्यात आधी मीच उठले. गाडी संध्याकाळची होती. खिडकीजवळ चहा घेऊन मी दुपारभर दुसऱ्यांचे डाव बघत बसले. तिथे सगळे सतत बोलत होते, भांडत होते, शब्द देत होते. माझ्या चटईवर यातलं काहीच नव्हतं.