उसने ठोके

पर्वतीच्या पायऱ्यांवर रोज दिसणारे ते आजोबा त्या सकाळी अर्ध्यावरच थांबले. चेहरा पांढराफटक पडला होता. मनगटावरचं स्मार्टवॉच थरथरलं, तसं त्यांनी ते घाईघाईने काढून माझ्यापुढे धरलं.

"जरा घाला. ठोके वाढलेले मुलीला बंगळुरात दिसतात. ती माझी पर्वती बंद करेल."

"अहो, आधी बसा!"

"तुम्ही घाला, मग बसतो."

मी घातलं. ते पायरीवर टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. दोन हाका मारल्या, तरी ओ नाही. माझ्या छातीत धडधडू लागलं. तेवढ्यात माझ्या मनगटावर घड्याळ थरथरलं आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

त्यांनी एक डोळा उघडला.

"मुलगीच असणार. माझ्याआधी तुमची पर्वती बंद करायला हवी."