बिनदुधाचा महिना

सोफेवाले काका जेवायला बसले की बघत राहावं, असं गल्लीतले लोक म्हणत. काकांचं काम जुने सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवायचं. तोंडात खिळे धरून, एकेक काढून ठोकत ते दिवसभर बसत आणि बोलत मात्र जेवतानाच. मटण म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि त्यातही नळी. नळी तोंडाला लावून फुरफुर चोखणाऱ्याला काका सरळ अडाण्यांत जमा करत. त्यांची रीत वेगळी होती. ताटाच्या काठावर नळी दोनदा हलकेच आपटायची, फिरवायची, मग एकदा जोरात. आतला गर अख्खाच्या अख्खा भातावर उतरला पाहिजे. लेकीला अक्षर ओळखता येत नव्हतं तेव्हापासून त्यांनी तिला हे शिकवलं होतं, आणि ती पटाईत झाली म्हणून पाहुण्यांसमोर करूनही दाखवायला लावलं होतं.

तीच लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, दुकानाजवळ खोली घेऊन राहू लागली, आणि एक दिवस येऊन म्हणाली की ती आता व्हीगन आहे. काकांना वाटलं, काहीतरी आजार असावा. मग तिनं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांना खात्रीच पटली. मटण नाही, अंडं नाही, दूध नाही, मधसुद्धा नाही.

"मध का नाही? मधमाशीला कोण कापतं?"

"बाबा, तो तिनं तिच्यासाठी केलेला असतो."

काकांनी तिलाच खुळ्यात काढलं.

रविवारी ती येई, पण स्वतःचा डबा घेऊन. जिथं हाडं पडतात त्या टेबलावर बसणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर मांडीवर डबा घेऊन बसे, काका आणि काकू आत. मधलं दार उघडं असे. आत तिची खुर्ची हळूहळू सामानाची खुर्ची झाली. आधी इस्त्रीचे कपडे, मग रिकामे डबे, मग एक बंद पडलेला पंखा. काका नळी आपटताना जरा जास्तच आवाज करत. तो ऐकून ती उठून आत येईल अशी त्यांना वेडी आशा होती. दोन वर्षं ती आली नाही.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा त्याच दुकानात भिंगं घासून फ्रेमला बसवायचं काम करायचा. काका त्याला एकदा भेटले, बोटांवरचे चरे बघून खूश झाले आणि हो म्हणाले. त्याच सुमारास जिना चढताना काकांना धाप लागली, म्हणून काकूंनी त्यांना बळंबळं दवाखान्यात नेलं. डॉक्टर काकूंशीच जास्त बोलले, कारण काका तपासायच्या बाकाचं फाटलेलं रेक्झिन चाचपण्यात गुंतले होते.

"काय म्हणाला?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही. वजन जरा उतरवा म्हणाले."

काकांचं तेवढ्यानं समाधान झालं. पुढच्याच रविवारी लेक डबा न उघडता दारात उभी राहिली.

"बाबा, लग्नाआधी माझं एक मागणं आहे. एक महिना माझ्यासारखं खाऊन बघा. तुम्ही आणि आई दोघंही. मी दर रविवारी आत येऊन तुमच्याबरोबर जेवीन."

काकांनी हातातल्या नळीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. एवढ्या पटकन ते आयुष्यात कशालाच तयार झाले नव्हते. काकूंना याचं जराही आश्चर्य वाटलं नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी तिच्या खुर्चीवरचं सामान उतरवलं आणि खुर्ची आपल्या कारखान्यात नेली. बैठकीचे पट्टे सैल पडले होते, ते ताणून बसवले. फोम नवा घातला. वरून मढवायला चामड्याचा चांगला तुकडा पडून होता, तोच लावायचा त्यांचा कित्येक दिवसांचा बेत होता. पण हातात घेऊन त्यांनी तो परत ठेवला आणि जाड निळं कापड काढलं. त्यांचा धंद्यातला भागीदार बघत होता. बाप वेडा झाला की खुर्चीचंसुद्धा नशीब उघडतं, असं तो म्हणाला.

पहिला आठवडा काकांनी नुसत्या रागावर काढला. मटणापेक्षा चहानं छळलं. सोयाचं दूध घातलं की चहा फाटे आणि न घालता प्यायला की काढा वाटे. शेवटी ते कोराच पिऊ लागले. कोपऱ्यावरचा खाटीक त्यांच्यासाठी मांडीचा तुकडा राखून ठेवायचा. काका फिरकेनात, तेव्हा त्यानं भागीदाराला हळू आवाजात विचारलं, घरात सगळे बरे आहेत ना म्हणून. मग काका समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागले. कारखान्यात भागीदार खुर्चीमागून म्हणायचा, "तोंडातले खिळे मोजून ठेवा हो, भुकेच्या भरात गिळाल." एकदा चामड्याची आरामखुर्ची दुरुस्तीला आली, तर काकांनी लेकीला फोन करून विचारलं की हे चालतं का. ती हसली. म्हणाली, "खायची नाहीये ना बाबा, शिवायचीच आहे." तिचं ते हसणं त्यांना दिवसभर पुरलं.

आणि रविवारी ती खरंच आत आली. निळ्या खुर्चीवर बसली, जरा हलून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ही तर नवीकोरी झाली." काकांनी नुसती मान हलवली. तोंडात खिळे नव्हते, तरी बोलवेना.

हळूहळू काका स्वतः रांधायला लागले. लाल भोपळा आणि मसूर यांचं त्यांनी काहीतरी जमवलं, त्यात भाजलेल्या बियांचं कूट घातलं आणि भागीदाराला बळजबरीनं खाऊ घातलं. तो बरं आहे म्हणाला, तर काकांनी त्याला ऐकवलं की जनावराच्या जिवावर जगण्यात कसलं आलंय शहाणपण. जो माणूस महिन्यापूर्वी हाडाशी भांडायचा, तो आता आपल्याला उपदेश करतोय, हे भागीदारानं दोन दुकानं पलीकडे जाऊन सांगितलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी व्याह्यांकडे जेवायला बोलावलं होतं. काकांना एकच घोर.

"तिच्या खाण्याचं त्यांना सांगितलंय का?"

"ती बघेल की तिचं," काकू केस विंचरत म्हणाल्या. "तुम्ही शर्ट बदला."

पण काकांना राहवेना. नव्या घरात पोरीला उपाशी उठायची वेळ येऊ नये. त्यांनी भोपळा-मसूर करून मोठा डबा भरला, दोघांना पुरेल एवढा, आणि पिशवीत तळाशी घातला.

व्याह्यांचं घर नीटनेटकं होतं. सोफा मात्र मधोमध बसलेला होता, आणि काकांनी मनातल्या मनात त्याच्या स्प्रिंगा बदलून टाकल्या. जेवायला बसले आणि विहीणबाईंनी झाकण काढलं. मटण. महिन्याभरानंतर तो वास नाकात गेला तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं, पण ते डगमगले नाहीत. विहीणबाईंचा डाव लेकीच्या ताटाकडे वळताना दिसताच ते म्हणाले,

"माफ करा हं, आमची लेक यातलं काही घेत नाही. महिनाभर मीही नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मी डबा आणलाय."

त्यांनी पिशवीतून डबा काढून उघडलासुद्धा, तोच टेबलाखाली कुणीतरी त्यांचा पाय दाबला. विहीणबाई डाव तसाच धरून हसल्या.

"ही? अहो, ही तर आली की आधी विचारते, माझी नळी ठेवलीत ना. इतके महिने झाले, मला ठाऊक नाही होय?"

सगळे हसले. होणारा जावईही हसला, बिचाऱ्याला यात काही वावगं दिसलं नाही. लेक मान खाली घालून ताटाकडे बघत होती. विहीणबाईंनी नळी वाढली. क्षणभर ती तशीच पडून राहिली. मग लेकीनं ती उचलली. ताटाच्या काठावर दोनदा हलकेच, फिरवून एकदा जोरात. गर अख्खाच्या अख्खा भातावर उतरला.

"वा," व्याही म्हणाले. "मी दर वेळी बघतो. कुणी शिकवलं गं हे?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "आपोआप येतं."

समोर डबा उघडा पडला होता आणि त्यातला भोपळा सगळ्यांना दिसत होता. व्याह्यांना त्यांची दया आली असावी.

"तब्येतीसाठी असेल," ते समजुतीनं म्हणाले.

लेकीनं एकदाच वर पाहिलं. त्या नजरेतली विनवणी बापाला कळली, आणि तोंडघशी पडलेल्या माणसानं तिला सांभाळून घेतलं.

"हो," काका म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

मग ते खाली बघून डबा जेवले. दोघांचा होता, सगळा संपवला.

बसथांब्यापर्यंत लेक सोडायला आली.

"दोन वर्षं तू बाहेर बसून जेवलीस," काका थांब्यावर पोचल्यावर म्हणाले. "आपल्या घरात. मी वाट बघून थकलो. त्या बाईनं एकदा वाढलं, आणि तू खाल्लंस."

"पुढं सवय लागली, पण आधी त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, बाबा. नवीन माणसं."

"आणि मला?"

तिनं पदराशी चाळा करावा तसा पर्सच्या पट्ट्याशी चाळा केला. या वेळी तिला खोटं बोलवेना.

"तुम्हाला म्हणता येत होतं," ती म्हणाली.

काकांनी ते ऐकून घेतलं. "मग हा महिना कशाला मागितलास? तू तर केव्हाचीच खात होतीस."

लेकीनं आईकडे पाहिलं. काकू बस येतेय का ते बघत होत्या. बस कुठंच नव्हती.

"मी सांगितलं तिला," काकू रस्त्याकडे बघतच म्हणाल्या. "रक्तात चरबी साचलीय तुमच्या. मटण, अंडी, लोणी, साय, सगळं बंद करा, नाहीतर हृदयावर येईल म्हणाले डॉक्टर. तुम्ही ऐकलं असतंत? मागच्या डॉक्टरनं अंडी सोडा म्हटलं, तर त्याच संध्याकाळी चार फोडलीत. माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. तिचं ऐकता, म्हणून तिला म्हटलं, तू माग."

"म्हणजे ती आत येऊन बसली, ते?"

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ते औषध होतं," काका म्हणाले.

"बाबा, तसं नाही." लेक त्यांच्या दंडाला धरायला गेली. "तुमच्या जिवासाठीच केलं ना. मला आवडत होतं तुमच्याबरोबर बसायला."

"आवडत होतं तर डॉक्टर कशाला लागला?"

बस आली. काका चढले आणि काकूंच्या शेजारी न बसता पुढं जाऊन बसले. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे त्यांना त्या सीटवर नीट कळलं. सीटचं कापड उसवलं होतं, पण त्यांनी त्याला हातही लावला नाही. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. इथं शिवी देणार कुणाला? दोघींनी त्यांचं भलंच केलं होतं. जिना चढताना आता धाप लागत नव्हती, हेसुद्धा त्यांच्याच विरुद्ध जात होतं.

पुढच्या रविवारी सकाळी काका खाटकाकडे गेले. त्यानं आनंदानं सुरी पारजली. काकांनी मांडीचा तुकडा घेतला आणि नळी मागून घेतली. घरी येऊन काकूंना ओट्यापासून दूर करून स्वतः शिजवलं. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, असं काय करता, जिवाशी खेळ आहे." काका चमच्यानं मीठसुद्धा चाखून बघत नव्हते, तेव्हा त्या गोंधळल्या.

लेक आली, डबा न आणता. तिला वाटलं होतं राग अजून असेल. पण टेबल मांडलेलं होतं, तिची निळी खुर्ची पुढं ओढलेली होती. ताटं दोनच होती. काकांनी काकूंना वाढलं, तिला वाढलं, नळी तिच्या ताटात ठेवली. मग भोपळा-मसुराचा डबा उचलला, बाहेरच्या खोलीत गेले आणि सोफ्यावर मांडीवर डबा घेऊन बसले. मधलं दार उघडंच होतं.

"बाबा, आत या ना," लेकीनं हाक मारली.

"जेव तू."

"महिना संपला आता."

"तुमचा संपला."

आतून नळी आपटल्याचा आवाज येईना. काका घास चावत होते आणि कान मात्र आतच होते. मग खुर्ची सरकली आणि लेक ताट घेऊन दारात आली. तिचे डोळे भरले होते.

"काढून द्या ना," ती म्हणाली. "निघत नाहीये माझ्याच्यानं."

तिला काढता येत होतं, हे दोघांनाही माहीत होतं. काकांनी ताट मांडीवर घेतलं. नळी दोनदा हलकेच आपटली, फिरवली, मग एकदा जोरात. गर भातावर उतरला. त्यांनी बोटं पुसली आणि ताट तिच्या हातात परत दिलं.

ती तशीच उभी राहिली, ते उठतील म्हणून. काकांनी डबा पुन्हा मांडीवर घेतला आणि जेवू लागले.