गाडीवरचा शेंदूर

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते माझ्याकडे पाहूनच कोणी म्हटलं असावं. मी पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, सासूबाईंच्या खोकल्यालाही भ्यायचे. पण ठाण्याच्या आमच्या घरात त्या हिवाळ्यात जी भीती शिरली, तिच्यापुढे ही सगळी भयं पोरखेळ होती. मला तेव्हा दिवस गेलेले होते. पहिलं मूल माहेरी, कल्याणला झालं, आणि बारशाआधीच गेलं. म्हणून या खेपेला सूनबाईला माहेरी धाडायची नाही, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं.

सगळ्याला कारण झाली एक घोडागाडी. आमचे हे कचेरीत कारकून. कारकुनाला गाडी कशाला हवी, असं कोणीही विचारील. पण हौसेला मोल नसतं. कोणी गोरा अंमलदार विलायतेला परत गेला, त्याच्या सामानाच्या लिलावात यांनी त्याचा जुना शिग्राम घेतला. वरून बंद, बाजूंना झडपा आणि पाठीला गोल फुगीर फळी, अशी ती गाडी अंगणात येऊन बसली. घोड्याचा पत्ता नव्हता, आणि हे मात्र तिला निळा रंग द्यावा की तांबडा, यावर माझ्याशी हुज्जत घालत. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी आमची गत.

जुन्या रंगावर नवा रंग धरत नाही, आधी लाकूड उघडं करावं लागतं, हे त्यांनी मुंबईला गाड्यांच्या कारखान्यात पाहून ठेवलं होतं. ते काम दुसऱ्या कोणाला द्यायला मन होईना. कळीचा चुना आणि सज्जीखार पाण्यात कालवून त्याचा दाट लेप ते गाडीला थापत आणि वर ओलं गोणपाट टाकत. रंग फुगून सुटला की पात्याने खरवडायचा, आणि उरलंसुरलं झाव्याच्या दगडाने घासायचं. चुन्याने त्यांची बोटं फुटली, तरी कचेरीची वेळ होईपर्यंत माणूस गाडीपासून हलत नसे. काळ्या रंगाखाली हिरवा निघाला तेव्हा मला हाक मारून दाखवला. मलाही मजा वाटली, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी त्यांनी पाठीची फळी खरवडायला घेतली आणि तेवढ्यात कचेरीतून शिपाई आला. साहेबांची स्वारी मुरबाडकडे फिरतीवर निघाली होती, कारकुनांनी ताबडतोब हजर व्हायचं होतं. काम तसंच टाकून, अर्धवट हात धुऊन हे गेले. थोड्या वेळाने सासूबाई तुळशीला पाणी घालायला अंगणात आल्या आणि त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.

मी धावत गेले. हिरवा रंग निघून त्या फुगीर फळीवर खाली शेंदूर दिसत होता. मारुतीच्या अंगावर असतो तसा, तेलकट, भगवा, जागोजागी पुटं सुटलेला. वार शनिवार.

"देवाच्या रथाचं लाकूड आहे हे," सासूबाई म्हणाल्या. "कुठल्या मेल्यानं रथ मोडून साहेबाला गाडी करून दिली कोण जाणे. आणि माझ्या पोरानं देवाच्या अंगाला लोखंड लावलं. बायकोच्या पोटात गर्भ असताना!"

मी तिथेच हात जोडले. मारुतीने अंगावरचं शेंदराचं कवच टाकलं, तर ते पायदळी येऊ देत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. सासूबाईंनी चुन्यातले शेंदराचे पापुद्रे वेचले, धुतले आणि ताम्हणात घालून देव्हाऱ्यात ठेवले. मुलगा परत आला की त्याच्याच हातून खाडीत सोडायचे, म्हणजे देवाची क्षमा मागितल्यासारखं होईल, असं त्या म्हणाल्या. गाडीवर त्यांनी धूतवस्त्र पांघरलं. मी अंगणातून जाताना तिच्याकडे पाठ करत नसे. रात्री मूल पोटात हललं नाही की मी घामाघूम व्हायचे, आणि हललं की देव त्याला झटकतोय की काय, असं वाटायचं.

आठवड्याभराने हे परत आले. पांघरलेली गाडी पाहून आधी चकित झाले, आणि सगळं ऐकल्यावर खो खो हसत सुटले.

"अगं आई, तो रंगाऱ्याचा शेंदूर! लाकूड कुजू नये, लोखंड गंजू नये, म्हणून गाडीला पहिला हात शेंदराचाच देतात. तेलात कालवून. देव कसला घेऊन बसलीस?"

मला हुश्श झालं. मीही हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खांबाला धरून हळूहळू खाली बसल्या.

"म्हणजे तो देवाच्या अंगावरचा नव्हे?"

"मुळीच नव्हे."

"मी रोज चिमूटभर हिच्या तीर्थात घातला रे," त्या म्हणाल्या.

गवयाचा गळा घालवायचा तर त्याला विड्यातून शेंदूर चारतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. देवाच्या अंगावरचा शेंदूर कसा बाधेल, उलट गर्भ राखील, म्हणून त्या माउलीने तो मला दिला होता. मला राग आला का? आला. असा आला की त्यांचं तोंड पाहू नये असं वाटलं. पण त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या माझ्याहून भ्यालेल्या होत्या.

वैद्यबुवा आले. त्यांनी मला बोलतं केलं, श्लोक म्हणायला लावला, तूप-दूध भरपूर घ्यायला सांगितलं. "हिचा गळा शाबूत आहे," ते म्हणाले. "पोटातल्याचं मी काय सांगणार?"

यांनी पात्याला पुन्हा हात लावला नाही. काळी, हिरवी, भगवी अशी ती गाडी अंगावर देवी आल्यासारखी अंगणात उभी राहिली. शेवटी यांनी ती ज्या मोलाने मिळाली, त्याहून कमी घेऊन कळव्याच्या एका माणसाला देऊन टाकली. ताम्हण सासूबाईंनी स्वतःच खाडीवर नेऊन रिकामं केलं. त्यानंतर त्या मला वाढेनाशा झाल्या. भाताचं भांडं माझ्यापुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या हातानं घे." मी रोज पहाटे अंथरुणातच ओवी पुटपुटून पाहायचे. एकदा पडशाने घसा बसला, तर दिवसभर मी रडत होते. मूल मुकं होणार, हे मी मनात धरूनच चालले होते. जगेल का, हे विचारायचं धाडस तर मला झालंच नाही.

होळी झाली, आणि एका भर दुपारी माझी सुटका झाली. खोलीत मी आणि सुईण. सासूबाई दाराबाहेर उंबऱ्याला टेकून बसलेल्या. मूल आलं, पण आवाज आला नाही. सुईणीने त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडावर गार पाणी मारलं. मग काशाची थाळी घेऊन त्याच्या कानाशी बडवू लागली. मला तिची थाळी ऐकू येत होती, आणि दुसरं काहीच नाही. मी डोळे गच्च मिटून घेतले.

आणि मग ते रडलं. पहिल्यांदा बारीक, फाटक्या कापडासारखं, आणि मग बेंबीच्या देठापासून.

"मुलगी झाली हो," सुईण बाहेर ओरडून म्हणाली. तिचा सूर जरा पडेलच होता. पहिला गेलेला मुलगा होता, हे तिला ठाऊक होतं. ती पोरीला थोपटू लागली. "उगी, उगी, बाई माझी."

"थोपटू नकोस!" दाराबाहेरून सासूबाई कडाडल्या. "रडू दे तिला. कुणी उगी करू नका."