बर्फ फेकणारी गाडी आणि ह्यांचा शेवटचा रोल

लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मिरजेला आम्ही स्कूटरवरून भाजी घेऊन येत होतो आणि रेल्वेचं फाटक पडलं. सगळे कुरकुरत होते, हे मात्र स्कूटर बंद करून खुशीत बसले. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे भोंगे वाजवायला लागले, तरी ह्यांची नजर गार्डाच्या डब्यावरच. मांडीवरची मेथी सावरत मी म्हटलं, "अहो, गेली गाडी."

"थांब गं, अजून दिसतेय."

या जानेवारीत, म्हणजे २००७ च्या, इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांची मधली नजर चालली आहे. फक्त कडेचं दिसत राहील. पुढच्या हिवाळ्यात कॅमेऱ्यातून काही दिसेल असं धरू नका. परतताना हे एवढंच म्हणाले, "इतक्या गाड्यांचे फोटो काढले, रुळांवरचा बर्फ फेकणारी तेवढी राहिलीच बघ."

फ्रिस्कोहून आमच्या लेकीचा, मेधाचा फोन आला. "आई, धिस इज क्रेझी! स्टॉर्ममध्ये बाबा ड्राइव्ह करणार?"

"मी करणार. बाबांकडून किल्ली काढून घेतलीय."

वादळाचा इशारा आला त्या दिवशी लोक घरी परतत होते आणि आम्ही उत्तरेला, बर्फाच्या दिशेने निघालो. या गाडीला टाइमटेबल नसतं, बर्फ साचला की निघते. ८१ नंबरच्या हायवेने सिरॅक्यूजपर्यंत रस्ता ठीक होता. पुढे ओंटारिओ सरोवरावरून आलेल्या बर्फात पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मोटेल आधी बुक करा, बर्फावर स्कूटरसारख्या गाड्या पळवणाऱ्या स्नोमोबिलवाल्यांनी भरलेली असतात. वाटेत सगळं बंद, त्यामुळे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कामी आली.

दुसऱ्या दिवशी मोटेलच्या गावाबाहेर रेल्वे क्रॉसिंगवर वॉल्ट भेटला, पिकअप घेऊन आलेला, आमच्याच वयाचा. दर हिवाळ्यात तो या गाडीचे फोटो काढतो.

"एवढं जवळ नको," तो म्हणाला. "तो बर्फ मऊ नसतो. माझी काच फुटलीय एकदा. लांब, वारा पाठीवर घेऊन उभे राहा." गारठलेला कॅमेरा गाडीत नेताना पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर वाफ धरते, हेही त्यानेच सांगितलं. मग ह्यांचा कॅमेरा बघून हसला, "अजून फिल्म? हळू फिरवा, थंडीत तुटते."

"बायकोही जुनीच आहे माझी," हे म्हणाले.

पण वाट बघताना हे पुन्हा पुन्हा मलाच विचारत होते, "आली का?" मान तिरकी करून कॅमेरा डोळ्याला लावत होते. समोर बघितलं की रूळच नाहीसे होतात म्हणाले.

शेवटी भोंगा ऐकू आला. दोन इंजिनं आणि त्यांच्यापुढे बर्फ फाडत येणारा लोखंडी नांगर. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली प्रार्थना आपसूक माझ्या तोंडात आली. क्रॉसिंगपाशी वारा फिरला आणि पांढरी भिंत उठून आमच्यावरच आली. त्यात कॅमेऱ्याचा खटका एकदाच ऐकला. डोळे उघडले तेव्हा गाडी गेली होती.

"मिळाला?"

"मिळाला असावा."

घरी आल्यावर रोल धुऊन आणला. फोटोत गाडी नव्हती. मध्ये नुसतं पांढरं. डाव्या कडेला क्रॉसिंगचा खांब, उजवीकडे वॉल्टच्या पिकअपचा कोपरा.

"कसा आलाय?" ह्यांनी विचारलं. छान म्हटलं असतं तरी ह्यांना पडताळता येणार नव्हतं. पण आजवर खोटं बोलले नाही.

"मध्ये काही नाही हो. कडेचं तेवढं आलंय."

ह्यांनी फोटो नाकापाशी धरला, मान तिरकी केली. बराच वेळ.

"मला सगळं असंच दिसतं गं. तुझा चेहरासुद्धा."

मी इतके दिवस समजत होते की चष्मा काढल्यावर दिसतं तसं, अंधुक दिसत असेल.

मेधा, तू हे वाचशीलच, म्हणून इथेच लिहिते. कॅमेरा तुझा. त्याचा पट्टा मी शिवलाय, बदलू नकोस. लांबची लेन्स वॉल्टला पाठव. गाड्यांचे अल्बम एवढ्यात कुणाला द्यायचे नाहीत. दुपारी एकेका फोटोत काय आहे ते मी ह्यांना सांगते, पुष्कळ उरलेत. या पांढऱ्या फोटोची एक प्रत माझ्याकडे राहील. दुसरी, इकडे आलीस की, डोळ्यांच्या डॉक्टरांना नेऊन दे. म्हणावं, पुढच्या पेशंटच्या बायकोला तोंडी सांगू नका, हे दाखवा.